ताटी लावलेल्या घरापुढं

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात झालेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



 माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे काही शिकलो ते बांधावर आणि वाटेवर शिकलो. त्यामुळं बोलण्यात वेडंवाकडं काही आलं तर लेकराचं बोलणं म्हणून पदरात घ्या.

मंडळी मला म्हणाली, "महाराज, दिंडीच्या शंभर वर्षांवर बोला." शंभर वर्षांचा हिशेब आपल्या गुरुजींनी लिहून काढलाय, तो पुस्तकात येणार आहे. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ज्या घरातला माणूस आपला आपण जीव देऊन गेला, त्या घराचं पुढं काय होतं आणि त्या घरासाठी दिंडीनं काय करायचं. शताब्दीच्या आनंदात हा विषय कशाला, असं कोणाच्या मनात येईल. पण या मंडपात अशा घरातली किती माणसं बसली आहेत, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे. त्यांना बाजूला ठेवून आपण कसला आनंद करायचा?

आता बघा. गावात एखादा म्हातारा गेला तर गाव गोळा होतं. कोणी सरण रचतो, कोणी पाहुण्यांना फोन लावतो, शेजारची बाई पिठलं-भाकरी घेऊन येते. सावडणं, दशक्रिया, तेरावं, सगळं रीतीनं पार पडतं. कोणी साप चावून गेला, गाडीवरून पडून गेला, तरी तसंच. पण माणसानं स्वतः जीव दिला की त्याच गावाची पावलं अडखळतात. लोक येतात, पण दारापर्यंत. बोलतात, पण एकमेकांच्या कानात. आधी पोलीस येतात, पंचनामा होतो, शवविच्छेदनाला तालुक्याला न्यावं लागतं. ती कायद्याची रीत आहे, अकस्मात मृत्यूची नोंद करावीच लागते. पण घरच्यांना वाटतं, आपण काहीतरी गुन्हा केला. बायकोला दहा जण दहा प्रश्न विचारतात. भांडण झालं होतं का? पीत होता का? काही लिहून ठेवलं का? तिसऱ्या दिवसापासून पैसे मागणारे दारात येतात. शाळेत पोराला पोरं बोलतात. पुढं पोरीच्या सोयरिकीत "त्या घरात तसं झालेलं आहे" एवढं एक बोलणं निघालं की पाहुणे परत फिरतात. दुसऱ्या मरणाचं सुतक दहा दिवसांचं. या मरणाचं सुतक लोक वर्षानुवर्षं पाळतात.

मग ते घर काय करतं? दार लावून घेतं.

माउलींच्या घराची गोष्ट आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे, पण आज जरा वेगळ्या बाजूनं ऐका. विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले, गुरूंच्या आज्ञेनं परत संसारात आले. त्या काळच्या धर्मपीठानं त्यांना वाळीत टाकलं आणि सांगितलं, देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही. लेकरांच्या मुंजी होतील, आपली लेकरं तरी समाजात घेतली जातील, या आशेनं आईबापांनी देह ठेवला, असं आपली परंपरा सांगते. त्याला मी आजच्यासारखी आत्महत्या म्हणत नाही. तो अधिकारही माझा नाही. मी फक्त मागं राहिलेल्या चार लेकरांकडं बघतो. निवृत्तीनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि सगळ्यांत धाकटी मुक्ताई. आईबाप गेले तरी लोकांचं बोलणं थांबलं नाही. संन्याशाची पोरं, संन्याशाची पोरं. शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट करावी लागली.

आणि एक दिवस लोकांच्या अपमानाला कंटाळून ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली. आत बसले. तेव्हा दारात कोण उभं राहिलं? पंडित नाही, गावचा पाटील नाही, घरातलं शेंडेफळ, मुक्ताई. ती बाहेरून बोलत राहिली. ताटीचे अभंग आपण सगळे म्हणतो, पण म्हणताना एक गोष्ट ध्यानात घेत नाही. मुक्ताईनं दार ढकललं नाही. आणि दार उघडेपर्यंत ती तिथून हललीही नाही. तिचेही आईबाप गेलेलेच होते, तिलाही लोक बोललेलेच होते. दुःखानं दार लावलेल्या माणसापुढं कसं उभं राहावं, हे आपल्या संप्रदायात त्या लेकरानं शिकवून ठेवलंय.

आता माझ्या घरचं सांगतो. साल २०१५. आपल्या मराठवाड्यात लागोपाठचा दुष्काळ. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्या कार्तिकात माझा धाकटा भाऊ गेला. कसा गेला ते मी सांगत नाही, ते सांगून कोणाचं भलं होत नाही. का गेला, तेही एका शब्दात सांगता येत नाही. सोयाबीन गेलं होतं. बोअर आटला होता. सोसायटीचं होतं, बाहेरचंही होतं. झोप उडाली होती. एका ओढ्यानं पूर येत नाही माउली, दहा ओढे एका रात्री मिळतात. म्हणून "अमक्यामुळं गेला" असं जो ठामपणानं सांगतो, त्याला काही माहीत नसतं, एवढं पक्कं समजा.

मी कीर्तनकार. मरणावर किती निरूपणं केलेली. पण त्या वेळी मला एक प्रमाण आठवंना. भावजय माजघरात, माझी आई भिंतीला टेकून, दोन लेकरं. तेरावं झालं आणि घर रिकामं झालं. दोन महिने मी गादीवर उभा राहिलो नाही.

मग मार्गशीर्षातली एकादशी आली. संध्याकाळी अंगणात चौघं उभे. आपले जुने वीणेकरी बाबा, जे आता वैकुंठवासी झाले, पखवाजी आणि दोन टाळकरी. ओसरीवर बसले, हरिपाठ म्हटला. कोणी काही विचारलं नाही. उठताना बाबा सहज म्हणाले, "धाकल्यानं बार्शीच्या मुक्कामाला भर पावसात अख्ख्या दिंडीला चहा करून पाजला होता, ध्यानात आहे का रे? साखर विसरला होता गडी." माजघरातून भावजयीचा आवाज आला. आधी हसली आणि मग रडली. महिनाभर त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं बघा. "तो प्रकार", "ते झालं ते", असंच सगळे बोलत होते. बाबांनी त्याला परत माणूस केलं. तो फक्त मेला नव्हता, तो पन्नाशीच्या आसपास जगलाही होता.

महिन्याच्या दोन एकादशी, वर्षाच्या चोवीस. चोवीसही एकादशींना दिंडीची माणसं आमच्या ओसरीवर आली. कधी दहा आले, कधी दोन. एकदा पावसात एकटा पखवाजी आला, पखवाज भिजंल म्हणून घरी ठेवून आला आणि नुसता बसून गेला. पण एक चुकली नाही. पहिल्या चार-पाच खेपांना मला ते नको वाटायचं. नंतर आई दुपारपासूनच सतरंजी झटकून ठेवायला लागली.

दुसरं, कागद. घरात दुःख असतं आणि कागद थांबत नाहीत. मृत्यूचा दाखला, पंचनाम्याची नक्कल, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, कर्जाचे उतारे. शेतकऱ्यानं जीव दिला तर वारसाला सरकारची १ लाखाची मदत आहे. २००६ च्या नियमाप्रमाणं ३० हजार हातात आणि ७० हजार बँकेत किंवा पोस्टात ठेव. तहसीलदाराचा अहवाल जातो, जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते, पात्र का अपात्र. आपल्या दिंडीतले एक गुरुजी भावजयीबरोबर पाच वेळा तालुक्याला गेले. आमचा अर्ज पात्र झाला. पण त्याच वर्षी आपल्याच शिवारातल्या दुसऱ्या घराचा अपात्र झाला, कारण त्यांचं कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं होतं, कागदावर काहीच नव्हतं. ती माउली मला म्हणाली, "मालक गेले ते गेले, वर सरकार म्हणतं अपात्र." मी तिला म्हणालो, "बाई, अर्ज अपात्र झालाय. माणूस नाही." तेव्हा अशा घराला कोणी तरी जाणतं माणूस सोबत पाहिजे. बेकायदा सावकारी असंल तर २०१४ चा कायदा आहे, सहायक निबंधकाच्या कचेरीत तक्रार करता येते, दडपून लिहून घेतलेली जमीन परतही मिळू शकते. आणि सातबाऱ्यावर वारसाची नोंद लावताना बायकोचं नाव लागलंच पाहिजे. दीर-भावकीनं तिला बाजूला सारू नये. तिथं दिंडीतल्या वडीलधाऱ्यांनी उभं राहावं.

तिसरं, बाईमाणसाचं. आपल्या दिंडीत एक मावशी आहेत, नाव घेत नाही. त्यांचे मालक नऊ वर्षं आधी तसेच गेले होते. त्या दुपारच्या यायच्या, भावजयीबरोबर तूर निवडत बसायच्या. बरेच दिवस नुसतं निवडणं. मग एक दिवस भावजय म्हणाली, "मावशी, मला त्यांचा लई राग येतो. आम्हाला टाकून गेले." दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मावशी म्हणाल्या, "मला पण यायचा. अजून येतो पोळ्याला. राग येतो म्हणून माया कमी झाली असं नसतं बाई." भावजय मला पुढं म्हणाली, त्या दिवशी मला वाटलं मी वेडी नाही. हे काम माझ्यासारख्या कीर्तनकाराच्या हातून झालं नसतं. ज्याच्या घरी ते घडलंय त्याचं बोलणंच तिथं पोचतं. म्हणून ज्यांच्या घरी हे पूर्वी घडलं, त्यांना माझं हात जोडून मागणं आहे. झेपंल तेव्हा, झेपंल तेवढं, दुसऱ्याच्या दारी जात जा.

चौथं, इर्जिक. २०१६ ला मृग कोरडा गेला, आर्द्रात पाऊस आला. इकडं पेरणीची घाई आणि इकडं वारीला निघायचा दिवस. आपल्याकडं प्रत्येकाला आपलं रान पेरूनच वाट धरायची असते. तरी निघायच्या आधी दिंडीतली माणसं दोन ट्रॅक्टर आणि तीन बैलजोड्या घेऊन धाकल्याच्या चार एकरात उतरली. भाकरी आपापल्या बांधून आणलेल्या. दिवस मावळायच्या आत रान पेरून झालं. पूर्वी गावात सावड होती, इर्जिक होतं, ते आता मजुरीवर गेलं. पण अशा घरासाठी वर्षातून एक दिवस ते परत आणता येतं.

त्या आषाढीला भावजय दिंडीत आली. गावात तिला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नव्हतं. दिंडीत पहिल्या दिवशी सकाळी गंध-बुक्का लावणारा रांगेनं आला, तिच्या कपाळाला बुक्का लावला, पायाला हात लावला आणि पुढं गेला. बुक्का विचारत नाही माउली, कोण सवाशीण आणि कोण विधवा. अलीकडं, २०२२ साली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला की आमच्या गावात विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सरकारनंही तो ठराव बाकीच्या गावांना दाखवला. चांगली गोष्ट आहे. पण आपल्याकडं तर वाटेवर ही रीत जुनीच आहे. ती वाटेवरून गावात आणायची राहिली आहे, एवढंच.

आता माझ्या कीर्तनकार बांधवांशी दोन शब्द. कोणी दुखावू नये. गादीवरून बोलताना कधी कधी सहज बोललं जातं, जीव देणं महापाप, त्याला गती नाही, तो भटकत राहतो. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, कोणी तसं करू नये म्हणून तो बोलतो. पण समोर त्या माणसाची आई बसलेली असते. तिनं ते ऐकून कुठं जायचं? नरदेह मोलाचा आहे, तो राखा, हे हजारदा सांगा. पण गेलेल्याचा निवाडा आपल्या हातात नाही, तो पांडुरंगाच्या हातात आहे, आणि आपण त्याला माउली म्हणतो. आई लेकराला उंबऱ्याबाहेर ठेवंल का? आता कायदासुद्धा मऊ झालाय. जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसावर पूर्वी गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानं सांगितलं की तो माणूस भारी ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा नको, उपचार आणि आधार द्यायचा. कायद्याला जे कळलं ते संतांच्या लेकरांना कळायला नको का?

आणि तुकोबांची आठवण ठेवा. दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, लोकांत मान राहिला नाही. पुढं त्यांनी काय केलं? वडिलांच्या सावकारीची जी कर्जखतं होती, त्यातली धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. स्वतः दुःखात असलेल्या माणसानं दुसऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरवलं. सगळ्यांना ते जमणार नाही. पण तेराव्याच्या आत उधारी मागायला जाऊ नये, एवढं तर कोणालाही जमंल.

आता साधं सांगतो, घरी जाऊन ध्यानात राहावं म्हणून.

अशा घरी गेलात तर "का केलं" विचारू नका. "तुम्ही लक्ष द्यायला पाहिजे होतं" म्हणू नका. ते तर त्या घरातला प्रत्येक जण रात्री स्वतःला विचारत असतो, मी त्या दिवशी घरी असतो तर, मी फोन लावला असता तर. त्यात आपण भर घालू नये. "आता विसरा" म्हणू नका. मोबाईलवर फोटो आला तर पुढं पाठवू नका, पुसून टाका. लेकरांपासून खोटं लपवू नका, शाळेत दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा घरातल्या मायेच्या माणसानं त्यांच्या वयाला कळंल असं खरं सांगावं. आणि त्यांना हेही सांगावं की यात तुझी काही चूक नाही. लेकरं ते मनात धरून बसतात.

गेलेल्याचं नाव घ्या. त्याची चांगली गोष्ट असंल ती सांगा. पोळा, दिवाळी, पहिलं वर्षश्राद्ध, हे दिवस जड जातात, त्या दिवशी जाऊन या. "काही लागलं तर सांगा" असं म्हणून येऊ नका, दुःखातला माणूस सांगत नसतो. आपणच दळण नेऊन आणा, गुरांना पाणी दाखवा, पोराच्या वह्या घेऊन द्या.

आणि एक महत्त्वाचं. ज्या घरात एक गेला, त्या घरातल्या दुसऱ्याच्या मनातही तसा विचार येऊ शकतो. माणूस जेवत नाही, झोपत नाही, "माझा आता काय उपयोग" असं बोलतो, देणीघेणी आवरायला लागतो, तर त्याला एकटं सोडू नका. जवळ बसून सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्यानं विचार मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. घरात फवारणीचं औषध असंल तर ते कुलपात, नाहीतर शेजाऱ्याकडं ठेवा. सरकारचा टेलिमानस म्हणून फोन आहे, १४४१६. पाच आकडी नंबर, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर इलाज आहे. ताप आला तर आपण नुसता अंगारा लावून बसत नाही, गोळी घेतो. हेही तसंच. भजन करा आणि डॉक्टरकडंही न्या. पांडुरंगाला त्याचा राग येत नाही.

शेवटी शताब्दीच्या निमित्तानं माझं दिंडीपुढं मागणं आहे. ठराव म्हणा, नवस म्हणा. आपल्या गावात आणि आपल्या मुक्कामाच्या गावात असं जे घर असंल, तिथं वर्षभर एकादशीचं भजन जाईल. चार माणसं असोत, एक असो. बायांमधून दोन माउल्या त्या घरच्या बाईकडं जात राहतील. त्या घरातलं कोणी वारीला आलं तर त्याची भिशी दिंडी भरंल, आणि ती कोणी भरली हे विचारायचं नाही, सांगायचं नाही. पेरणीला एक दिवस इर्जिक. यात फार पैसा नाही. चिकाटी लागंल तेवढीच. गाव तेरा दिवस येतं, दिंडीनं वर्षभर जावं.

आपण वाटेवर चालतो तेव्हा कोणाच्या पायाला फोड आला, कोणी मागं राहिला, तर चोपदार पुढच्यांना थांबवतो. मागचा माणूस येऊन ओळीत लागला की मगच टाळ वाजतो. शंभर वर्षं आपण हे करत आलो. या मंडपात ज्यांच्या घराची ताटी अजून लागलेली आहे, त्यांना मी एवढंच सांगतो, घाई करू नका. तुम्हाला जमंल तेव्हा उघडा. आम्ही बाहेर ओसरीवर बसलेलो आहोत. येत्या एकादशीला येतोय.

रामकृष्णहरी.